गोठ्याचं घर, घराचं भाडं

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर डेल्समध्ये स्वेलडेल नावाचं एक खोरं आहे. रीथ गावापासून वर कील्डपर्यंत, बराचसा स्वेल नदीच्या कडेने, एक अरुंद रस्ता जातो. मे महिन्याच्या अखेरीला मी त्या रस्त्याने गेले. आधी डोळ्यांत भरल्या त्या भिंती. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड रचत थेट डोंगरमाथ्यापर्यंत नेलेल्या. मग हळूहळू लक्षात आलं, की गनरसाइड गाव ओलांडल्यावर जवळजवळ प्रत्येक कुरणात एकेक दगडी इमारत उभी आहे. धुराडं नाही, अंगण नाही. एक मोठं दार, वर एक चौकोनी भोक, आणि भिंतीतून बोटभर बाहेर आलेल्या लांब दगडांच्या ओळी. ते दगड भिंतीच्या एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जातात आणि दोन्ही बाजू बांधून धरतात.

हे गोठे. इंग्रजीत फील्ड बार्न. इथल्या जुन्या माणसांच्या बोलीत लेथ किंवा काउहाउस. लेथ हा शब्द नॉर्स भाषेतला, हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी आणलेला. कील्ड म्हणजे झरा, गनरसाइड म्हणजे गनर नावाच्या माणसाचं उन्हाळी कुरण, हेही त्यांचेच शब्द. आज उभे असलेले बहुतेक गोठे मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. यॉर्कशर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असे सुमारे ६००० आहेत. एकट्या स्वेलडेल आणि शेजारच्या आर्कनगार्थडेलमध्ये हजाराच्या आसपास. १९८९ मध्ये या दोन खोऱ्यांतले गोठे आणि भिंती मिळून एक संवर्धनक्षेत्र जाहीर झालं.

मी सिंधुदुर्गातली. आमच्या घरापासून थोडं दूर, शेताच्या कडेला मांगर होता. खाली गुरं, माळ्यावर गवत, कोपऱ्यात नांगर आणि शेणीची रास. म्हणून असेल, पण म्यूकर गावाच्या अलीकडे एका गोठ्याचं दार ढकलून आत गेले आणि मला काही समजावून सांगावं लागलं नाही. दावण होती. दोन गुरांच्या मधे उभी दगडी फरशी होती, तिला इथे बॉस्किन म्हणतात. गवाण होती. शेण बाहेर टाकायचं भोक होतं. वर माळ्यावर गवत भरायचं आणि हिवाळाभर तेच खाली ओढून घालायचं. एका गोठ्यात चार-पाच-सहा गाई. नोव्हेंबरात बांधायच्या, मेमध्ये सोडायच्या. शेतकरी रोज सकाळ-संध्याकाळ घरून चालत येणार, दूध काढणार, गाईंना ओहोळावर पाणी दाखवणार आणि दुधाचा पत्र्याचा डबा पाठीला बांधून बर्फातून घरी जाणार. ज्याचे गोठे पाच कुरणांत पाच, त्याची पाचांवर फेरी.

ही रचना मला फार शहाणपणाची वाटते. गवत जिथे वाढलं तिथेच साठलं, तिथेच गाईने खाल्लं, आणि शेण वसंतात त्याच कुरणावर पसरलं. ओझं कुठेच वाहून न्यायचं नाही. जुलैत कापणी होईपर्यंत गवत उंच वाढू द्यायचं, म्हणजे फुलांचं बी पडतं. म्यूकरच्या कुरणांत फरसबंद पायवाट आहे, तिच्यावरून एकामागे एक चालायचं, गवत तुडवायचं नाही. मी गेले तेव्हा पिवळी बटरकप आणि जांभळट क्रेन्सबिल यांनी कुरण भरलं होतं. लोक लांबून ती फुलं बघायला येतात. ती फुलं त्या गोठ्यांमुळे आहेत.

गोठे रिकामे का झाले, याचं उत्तर दुधाच्या डब्यात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९३३ साली मिल्क मार्केटिंग बोर्ड स्थापन झालं. शेताच्या फाटकाशी दगडी ओट्यावर दुधाचे कॅन ठेवायचे आणि लॉरीने ते उचलायचे, अशी पद्धत बसली. लहान शेतकऱ्याला ती परवडली. पुढे टँकर आला. टँकरला थंड टाकी लागते, टाकीला वीज लागते, आणि वीज कुरणाच्या मधोमध उभ्या गोठ्यापर्यंत येत नाही. १९७९ मध्ये कॅन उचलणं कायमचं बंद झालं. ज्यांना जमलं त्यांनी घराशेजारी मोठी लोखंडी शेड उभारली, बाकीच्यांनी दूध सोडून मेंढ्या धरल्या. मग काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गवताचे मोठे गठ्ठे आले. ते माळ्यावरच्या भोकातून आत जात नाहीत. ट्रॅक्टर दारातून आत जात नाही. दोनशे वर्षं ज्या मापाने इमारत बांधली, ते माप एका पिढीत चुकीचं ठरलं.

आणि छप्पर मात्र दगडीच. वर दगडाच्या जाड फरश्या, खाली लाकडाचे वासे. एक फरशी सरकली की पाणी वाशात मुरतं, वासा वाकतो, मग छप्पर भिंतीला बाहेर ढकलतं. पुढचं काम पाऊस आणि बर्फ करतात. या रस्त्यावर मी असे अर्धवट बसलेले गोठे मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं.

ज्या शेतकरी दांपत्याकडे मी उतरले होते, त्यांचा एक गोठा रस्त्याला लागून आहे. दोघं साठीच्या पुढची. मेंढ्या आहेत, थोडी मांसाची गुरं आहेत. त्यांना तो गोठा दुरुस्त करून भाड्याने द्यायचा आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाईंनी माझ्यासमोर एक जाड फाइल ठेवली. बांधकाम भक्कम असल्याचा अभियंत्याचा अहवाल, इमारतीच्या इतिहासाचं टिपण, वटवाघळांची पाहणी, सांडपाण्याची सोय, रस्त्यावर गाडी काढताना दोन्ही बाजूंना किती अंतर दिसतं त्याचं मोजमाप. गोठा आजेसासऱ्यांचा, भिंती आपल्या, जमीन आपली. तरी आत माणूस ठेवायचा तर एवढं सगळं.

याचं मूळ १९४७ च्या शहर व ग्राम नियोजन कायद्यात आहे. १ जुलै १९४८ पासून तो लागू झाला आणि जमीन मालकाची राहिली तरी तिच्यावर काय उभं करायचं, तिचा वापर कसा बदलायचा, हा हक्क सरकारी परवानगीखाली गेला. शेतीला त्यातून मोकळं ठेवलं होतं. युद्ध नुकतंच संपलेलं, रेशन चालू, धान्य पिकवणाऱ्याला कोणी अडवू नये ही भावना. त्यामुळे गोठ्यातली गाय काढून तिथे मेंढी बांधा, कागद लागत नाही. मेंढी काढून माणूस ठेवा, की परवानगी लागते. नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यामागे मोठी भीती होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनभोवतीच्या हमरस्त्यांच्या कडेने घरांच्या लांबच लांब ओळी उठल्या आणि शेतं गिळली गेली होती. आज इंग्लंडच्या गावाबाहेर पडलं की लगेच हिरवं शेत लागतं, ते या कायद्यामुळे.

आपल्याकडच्या वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल, आणि त्याला कारण आहे. ब्रिटनच्या १९०९ च्या नगररचना कायद्यामागोमाग १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचना कायदा झाला. महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा त्याच घराण्यातला. शेतावरच्या इमारतींबाबत मात्र आपला जमीन महसूल कायदा जास्त उदार आहे. अवजारं, चारा, धान्य आणि गुरं यांच्यासोबत खातेदाराच्या कुटुंबाने, गड्याने किंवा कुळाने तिथे राहणं हेही 'शेतघर' या व्याख्येत बसतं. इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे गोठ्यात अंथरूण पसरलं की वापर बदलला.

साठ-पासष्ट वर्षं हे असं चाललं. अर्ज करायचा, नियोजन अधिकाऱ्याने धोरण बघायचं, शेजाऱ्यांनी हरकती घ्यायच्या, समितीने ठरवायचं. गावाबाहेर नवं घर नको, हे तत्त्व घट्ट असल्याने अनेकांना नकार मिळायचा. मग एप्रिल २०१४ मध्ये सरकारने एक वाट काढली. घरांची टंचाई होती, शेतात रिकाम्या इमारती होत्या. ठरलं असं, की ठरावीक मर्यादेत शेतीची इमारत राहण्यासाठी बदलायला पूर्ण परवानगीची गरज नाही, स्थानिक परिषदेची 'पूर्वसंमती' पुरे. २०१५ पासून या तरतुदीचं नाव क्लास क्यू. नियोजन सल्लागारांच्या तोंडी हे नाव इतकं बसलंय, की शेतकरीसुद्धा गोठा दाखवताना ही इमारत क्यूमध्ये बसते का, असंच विचारतो.

पूर्वसंमतीत परिषदेला मोजकेच प्रश्न विचारता येतात. रस्ता, आवाज, जमिनीचं प्रदूषण, पुराचा धोका, इमारतीची जागा राहण्यायोग्य आहे का, बाहेरचं रूप कसं असेल, आणि २०२० पासून प्रत्येक खोलीत पुरेसा उजेड येतो का. ५६ दिवसांत निर्णय द्यायचा. सुरुवातीला तीन घरांची मर्यादा होती, २०१८ मध्ये ती पाचवर गेली, आणि २१ मे २०२४ पासून एका शेतीघटकावर दहा घरं, मिळून १००० चौरस मीटर, कोणतंही एक घर १५० चौरस मीटरपेक्षा मोठं नको, असा नियम झाला. घर सर्वांत लहान म्हणजे ३७ चौरस मीटर.

आता यातली गाठ. क्लास क्यू राष्ट्रीय उद्यानात लागू नाही. निसर्गसौंदर्यासाठी राखलेल्या प्रदेशात लागू नाही. संवर्धनक्षेत्रात नाही, वारसायादीतल्या इमारतीला नाही. सुरुवातीच्या प्रस्तावात राष्ट्रीय उद्यानं होती, पण उद्यानांच्या प्राधिकरणांनी जोरदार विरोध केला आणि ती वगळली गेली. त्यांची भीती खरी होती. हजार गोठ्यांना एकदम मोटारी, दिवे, उपग्रहाच्या तबकड्या आणि कपड्यांच्या दोऱ्या लागल्या असत्या, तर स्वेलडेल राहिलं नसतं. पण परिणाम काय झाला? जिथे दोनशे वर्षांचा दगडी गोठा कोसळतोय, तिथे फाइल जाड. आणि जिथे सत्तर-ऐंशीच्या दशकातली लोखंडी खांबांची, सिमेंटच्या पत्र्याची शेड आहे, तिथे ५६ दिवस. लिंकनशरच्या किंवा नॉटिंगहॅमशरच्या सपाट शेतांतून जाताना अशा रूपांतरित शेडा दिसतात. काळे पत्रे, लांबलचक काचा, पुढे खडीचं अंगण. वाईट दिसतात असं मी म्हणणार नाही. आत माणसं राहतात, ते महत्त्वाचं. पण जपण्यासारखं ज्या इमारतीत काही नाही, तिलाच कायदा हात देतो, हे डोळ्यांवर येतं.

लोखंडी शेडचीही मर्यादा न्यायालयाने आखली. नॉटिंगहॅमशरमधल्या रश्क्लिफ परिषदेच्या हद्दीत तीन बाजूंनी जवळपास उघडी असलेली एक शेड होती. मालकांना तिला भिंती घालून घर करायचं होतं. २०१६ च्या हिबिट खटल्यात उच्च न्यायालय म्हणालं, की हे रूपांतर नव्हे, ही नवी बांधणी आहे. उभ्या सांगाड्याला घर करण्याची मुभा आहे, सांगाड्याच्या नावाखाली नवं घर बांधण्याची नाही. तेव्हापासून बहुतेक अर्जांसोबत अभियंत्याचा अहवाल जोडला जातो, आणि इमारत मुळात किती 'इमारत' आहे, यावर वाद चालतो.

नियम इतके ताणले की काही माणसं काय करतात, त्याची दोन प्रकरणं इंग्लंडभर गाजली. हर्टफर्डशरमध्ये अॅलन बीझली यांनी २००१ साली गवताच्या कोठारासाठी परवानगी घेतली. बाहेरून कोठारच बांधलं. आत मात्र शयनगृहं, बैठक, व्यायामाची खोली असं पूर्ण घर. २००२ मध्ये कुटुंब राहायला गेलं आणि गप्प राहिलं. तेव्हा नियम असा होता, की चार वर्षं कोणी आक्षेप घेतला नाही तर घर कायदेशीर होतं. २००६ मध्ये त्यांनी तसा दाखला मागितला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की फसवणूक करून मिळवलेल्या मुदतीचा फायदा घेता येणार नाही. दुसरे सरे परगण्यातले रॉबर्ट फिडलर. त्यांनी बुरूज असलेलं एक घरच गवताच्या गठ्ठ्यांच्या उंच भिंतीमागे बांधलं, चार वर्षं त्यातच राहिले आणि २००६ मध्ये गठ्ठे हटवले. ते घर २०१६ मध्ये त्यांना पाडावं लागलं. २०११ नंतर लपवलेल्या बांधकामांवर मुदत उलटल्यावरही कारवाई करता येईल अशी तरतूद झाली, आणि एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये चार वर्षांची मुदत जाऊन सरसकट दहा वर्षं झाली. लोक हे किस्से हसत सांगतात. मला त्यांत गवताच्या गंजीआड चार वर्षं राहणारं कुटुंब दिसतं, पडदे न उघडता वाढणारं मूल दिसतं. फसवणूक ती फसवणूकच, निकालही योग्यच. पण राहायला जागा मिळवण्यासाठी माणूस कुठवर जाईल, तेही त्यातून कळतं.

पुन्हा स्वेलडेलला येते. बाईंच्या फाइलमध्ये सर्वांत जाड भाग वटवाघळांचा होता. ब्रिटनमधल्या सगळ्या जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. त्यांचा आसरा मोडणं गुन्हा, मग त्या वेळी ती आत असोत वा नसोत. दगडी भिंतीच्या फटी आणि फरशीखालची पोकळी ही त्यांची आवडती जागा. म्हणून पाहणी करणारा जाणकार मे ते सप्टेंबरच्या दरम्यान संध्याकाळी येऊन बसतो आणि कुठून किती बाहेर पडतात ते मोजतो. हा मोसम चुकला की वर्ष गेलं. गोठ्यातलं पांढरं घुबडही संरक्षित. यजमानांनी तक्रार केली नाही. उलट त्यांच्याकडच्या भिंतीतल्या कोणत्या फटीतून वटवाघळं निघतात, ते मला उजेड असतानाच बोटाने दाखवून ठेवलं. रात्री दहाच्या सुमारास आम्ही तिघं रस्त्यावर उभे होतो. काळे ठिपके एकामागून एक सुटले आणि ओहोळाच्या दिशेने गेले. घर झालं तरी ती फट राहणार आहे, नकाशावर तिला जागा दिली आहे.

नकाशाचं बाकीचं तत्त्वही याच जातीचं. नवी खिडकी पाडायची नाही, आहेत त्याच भोकांना काच लावायची. गवत भरायचं भोक ही वरच्या खोलीची खिडकी. मोठं दार हे मोठं दारच. रस्त्याच्या बाजूच्या छपरावर काच नको. सांधे चुन्याने भरायचे, सिमेंटने नाही, कारण सिमेंट ओल आत कोंडतं. गाडी भिंतीआड उभी करायची आणि भोवती बाग करायची नाही, दारापर्यंत कुरण तसंच ठेवायचं. जागा थोडी आणि उजेड कमी. असं घर सगळ्यांना आवडणार नाही, पण गोठ्याचा गोठेपणा यानेच टिकतो.

आता खरा प्रश्न. भाड्याने कोणाला?

डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेल्या यॉर्कशर डेल्सच्या स्थानिक आराखड्याने गावातल्या आणि वस्तीलगतच्या गोठ्यांबरोबर रस्त्यालगतच्या गोठ्यांनाही दार उघडलं. कुरणाच्या मधोमध असलेल्यांना घर होता येत नाही, कारण रस्ता, तारा, नळ सगळंच कुरण कापत जाईल. रस्त्याकडेच्या गोठ्याला परवानगी मिळाली, तर एका कराराने दोन वापरांचं बंधन येतं. एक तर त्यात स्थानिक माणसाने राहायचं, म्हणजे त्या भागात आधीपासून राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा तिथे नातं असलेल्या माणसाने. नाही तर सुट्टीत आलेल्या पाहुण्यांना थोड्या दिवसांसाठी द्यायचं. निवड मालकाची.

आणि मालक काय निवडेल, ते कोणीही सांगू शकतं. फुलांच्या दिवसांत दगडी गोठ्यातला एक आठवडा स्थानिक भाडेकरूच्या महिन्याच्या भाड्याशी स्पर्धा करतो. त्यात करांची रचनाही पाहुण्यांच्याच बाजूची. एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये वर्षात १४० दिवस भाड्यासाठी खुलं ठेवलेलं आणि प्रत्यक्षात ७० दिवस भाड्याने गेलेलं घर व्यवसाय म्हणून धरलं जातं. त्याचं करपात्र मूल्य १२,००० पौंडांच्या आत असेल आणि मालकाचा तेवढाच व्यवसाय असेल, तर व्यवसायकर शून्य. शेजारच्या घरात वर्षभर राहणारी परिचारिका मात्र परिषदेचा कर पूर्ण भरते. दुरुस्तीचंही तसंच. पूर्णपणे नवं घर बांधलं तर मूल्यवर्धित कर शून्य, गोठ्याचं घर केलं तर ५ टक्के, आणि आहे ते घर दुरुस्त करायचं तर २० टक्के. काही बदलतंय, हेही खरं. सुट्टीच्या घरांना मिळणारी आयकरातली खास सवलत एप्रिल २०२५ पासून गेली. त्याच महिन्यापासून उत्तर यॉर्कशर परिषदेने दुसऱ्या घरांवर परिषदेचा कर दुप्पट केला. पण पाहुण्यांना दिलेला गोठा व्यवसायात मोडला, की तो दुप्पट करही त्याला लागत नाही.

शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. मेंढीचा पैसा कमी, सरकारी अनुदानं आटत चाललेली. पाहुण्यांच्या चार आठवड्यांच्या पैशात छपराच्या फरश्या येतात. त्या पैशाने गोठा उभा राहिला, नाही तर तो आज दगडांचा ढीग असता. गोठा गोठाच ठेवून दुरुस्त करायलाही मदत निघाली होती. २०१८ पासून डेल्ससह पाच राष्ट्रीय उद्यानांत प्रायोगिक योजनेतून दुरुस्तीचा ८० टक्के खर्च मिळत असे. तिच्यातून कित्येक छपरं वाचली. पण ६००० गोठे अनुदानावर जगणार नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

तरीही त्या खोऱ्यात संध्याकाळी फिरा. दिवे मोजा. रीथवरून आर्कनगार्थडेलमध्ये वळलं की एक शाळा लागते. १६५९ पासून तिथे मुलं शिकत होती. पट हाताच्या बोटांवर आला आणि २०१९ मध्ये शाळा बंद झाली. साडेतीनशेहून अधिक वर्षं. यादवी युद्धानंतरचा इंग्लंड, शिशाच्या खाणींचा काळ, खाणी बंद पडून माणसं परागंदा झाली ते दिवस, दोन महायुद्धं, या सगळ्यांतून तरलेली शाळा आमच्या डोळ्यांदेखत संपली. घरं कमी झाली म्हणून नाही. घरं उलट वाढली. त्यांत लहान मुलं असलेली कुटुंबं उरली नाहीत. खोऱ्यातली बस, दुकान, आगीच्या बंबावरचे स्वयंसेवक, सगळ्यांचं तेच गणित. पाहुणा शनिवारी येतो, पुढच्या शनिवारी जातो. त्याचं मूल त्या शाळेत जात नाही आणि भर हिवाळ्यात तो बर्फ काढायला नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की दोन वापरांतला एक मालकाने निवडायचा, ही सवलत काढून टाकावी. गोठ्याला घर होऊ देणं ही समाजाने दिलेली मोठी देणगी आहे. परवानगीच्या आधी पडीक असलेल्या भिंतींची किंमत परवानगी मिळाल्याच्या दिवशी कितीतरी पटींनी वाढते, आणि ती वाढ मालकाच्या कष्टातून आलेली नसते. तिच्या बदल्यात वर्षभर राहणारा भाडेकरू मागणं अन्याय्य नाही. शेतकऱ्याचं नुकसान भरून काढायचं तर जी करसवलत आज सुट्टीच्या गोठ्याला मिळते, ती उचलून स्थानिकाला दीर्घ मुदतीने भाड्याने देणाऱ्याला द्यावी. पैसा तोच, दिशा वेगळी. क्लास क्यूच्या सपाट मुलखातही हीच त्रुटी आहे. तिथे तर आत कोण राहणार, हा प्रश्न परिषदेला विचारताच येत नाही. ५६ दिवसांच्या यादीत तो नाही.

गोठ्यात कोण राहणार, हा प्रश्न यजमानांनी माझ्यापुढे स्वतःहून मांडला. त्यांचा धाकटा मुलगा तीसेक मैलांवर गावात भाड्याने राहतो, रोज मेंढ्यांसाठी ये-जा करतो. पाहुण्यांना गोठा दिला असता तर कर्ज लवकर फिटलं असतं, हे हिशोबाच्या वहीत लिहिलेलं होतं. टेबलावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते. बाईंनी वही मिटली आणि चहा ओतला. मी पुढे विचारलं नाही.

आमचा मांगर आता नाही. मी कॉलेजात असताना एका पावसाळ्यात त्याची एक भिंत बसली, पुढच्या वर्षी चिरे कुंपणाला वापरले. कोणाला परवानगी विचारावी लागली नाही आणि कोणी पाडू नका म्हणालंही नाही. त्याचा एकही फोटो घरात नाही. कोकणात आता रस्त्याकडेच्या मांगरांकडे पर्यटक-निवासाच्या नजरेने बघायला सुरुवात झाली आहे. ज्यांचे उभे आहेत त्यांनी विकण्याआधी किंवा काच-टाइल लावण्याआधी निदान मोजमाप काढून ठेवावं, फोटो काढावेत, आणि जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, एवढी विनंती मी इथून करते.

हा लेख लिहून होत असताना स्वेलडेलहून निरोप आला. बेनब्रिजच्या राष्ट्रीय उद्यान कार्यालयाने अर्ज मंजूर केला आहे, स्थानिक वापराच्या अटीवर. छपराला हात लावायला वटवाघळं पिल्लं घेऊन निघून जाईपर्यंत थांबायचं होतं. आता फरश्या उतरवायला सुरुवात झाली आहे. मुलगा आणि सून पुढच्या उन्हाळ्यात राहायला येणार आहेत, आणि भाडं आईवडिलांना दरमहा देणार आहेत.